माणिकची मिशी

न्हाव्याकडे लिहिण्यासारखं काय असणार, म्हणून मी या अंकाच्या संपादकांना आधी नाहीच म्हणालो होतो. ते म्हणाले, "नाना, खुर्चीत बसलेल्या माणसाला तुम्ही जेवढं सांगता तेवढंच लिहा. अंक भरून जाईल." म्हणजे माझ्या तोंडाची कीर्ती बीडपर्यंत पोचलेली दिसते. असू दे. नेकनूरच्या स्टँडसमोर माझी हयात लोकांच्या डोक्यावर हात ठेवण्यात गेली. पुढारी असो, फौजदार असो, माझ्यासमोर ज्याला त्याला मान खाली घालावीच लागली. एवढा मान दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं मला वाटत नाही.

आता दुकान पुतण्या चालवतो. त्याच्याकडे पोरं मोबाईलवर कुणाचा तरी फोटो दाखवतात आणि तसंच डोकं करून मागतात. मी बाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचतो आणि मधूनच नाक खुपसतो. पण एक काम मी अजून सोडलेलं नाही. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्यांची दाढी मी घरी जाऊन करतो. त्यातही ज्यांचं डोकं जागेवर राहिलेलं नाही त्यांच्याकडे मलाच बोलावतात, पुतण्याला नाही. डॉक्टर त्या आजाराला इंग्रजीत एक नाव सांगतात. आमच्याकडे म्हणतात, म्हाताऱ्याला भूल पडली.

भूल पडलेल्या माणसाची दाढी कशी करायची, हे कुणी शिकवत नाही. तुम्हीच विचार करा. आपण कुठं आहोत, कोणतं साल चाललंय, समोरचा कोण, यातलं काही ठाऊक नाही आणि एक अनोळखी माणूस हातात पातं घेऊन तुमच्या गळ्याकडं येतोय. कोण गप्प बसेल? ओरडणारा म्हाताराच मला शहाणा वाटतो. म्हणून अशा घरी मी मागून कधी जात नाही, समोरून जातो. वस्तरा दुकानातच ठेवतो. प्लॅस्टिकचा साधा रेझर नेतो, तोही मुठीत झाकून. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्यांच्याच हातात देतो. मग साबणाचा ब्रश देतो. डोकं विसरलेलं असतं, पण हात विसरत नाही, तो आपोआप गालावर फिरायला लागतो. आणि मुख्य म्हणजे म्हातारा ज्या सालात असेल त्या सालात आपण जायचं. त्याला ओढून आपल्या सालात आणायला गेलात की भांडण ठरलेलं.

पाटोद्याच्या रस्त्याला एक आजोबा होते. मी दिसलो की त्यांना वाटायचं, आज आपलं लग्न आहे. ताठ बसायचे आणि विचारायचे, "घोडी आली का रं?" मी म्हणायचो, "आली, दारात उभी हाय." मग दाढी कशी लोण्यासारखी व्हायची. त्यांची बायको कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली असायची. एकदा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "नाना, दर खेपंला घोडी आली म्हनता, अन् मला काय कुनी हळद लावंना." अशी माणसं मला भेटली. पण लिहायला बसलो आणि आठवले ते तात्याच.

तात्यांचं कापड विकायचं पाल होतं. नेकनूर, नांदूरघाट, पाटोदा, जिथं आठवडी बाजार भरेल तिथं तात्या गाठोडी घेऊन हजर. पोलक्याचं कापड, धोतरं, टॉवेल, शाळेच्या गणवेशाची खाकी. त्यांच्या पालाशेजारी रशीदचाचा शिलाई मशीन मांडून बसायचे. तात्यांनी फाडायचं आणि रशीदचाचांनी शिवायचं, असा दोघांचा संसार. तात्यांचं कापड फाडणं बघण्यासारखं होतं. कात्रीनं बारीक खाच मारायची, दोन्ही हातांनी धरायचं आणि चर्र, सुतासारखी सरळ चीर. बायका भाव करता करता थांबून बघायच्या.

त्यांचा थोरला माणिक. पन्नाशीचा माणूस, स्टँडवर तयार कपड्यांचं दुकान, आणि नाकाखाली आमच्या गावातली एक नंबरची मिशी. ती मिशी मी वाढवली असं मी म्हणतो आणि तो म्हणतो त्यानं. खरं दोघांचंही आहे. त्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून ती माझ्याच हाताखाली होती. दर आठवड्याला येऊन बसायचा. दाढी दुसऱ्या कुणी केली तरी चालायची, मिशीला मात्र मीच लागायचो.

तात्यांना भूल पडायला लागली तेव्हा सुरुवातीला हसूच यायचं. घरात दिसेल ते कापड हातानं मोजायचे. पडदे मोजायचे, चादरी मोजायचे. एकदा माणिकच्या बायकोची, शोभाची, नवी कोरी साडी दोरीवर वाळत होती. तात्यांनी कोपरापर्यंत हात लावून मोजली, दातानं खाच मारली आणि चर्र. फाडलेला तुकडा घडी घालून तिच्याच हातात दिला, "घ्या बाई, पोलक्याला लई झालं एवढं." मी दाढीला गेलो तेव्हा शोभा हसावं की रडावं अशा अवस्थेत होती. "नाना, मपल्याच साडीचं पोलकं मलाच इकलं हो," म्हणाली. आणि हसलीच शेवटी. त्या घरात ही एक गोष्ट चांगली होती. तिथं हसायची बंदी नव्हती.

पण मग जेवण सुटलं.

झालं असं की तात्या मागं मागं जात एका ठिकाणी येऊन थांबले. तिथं माणिक शाळेत जाणारा पोरगा होता. बाजाराहून आले की त्याला जवळ घेऊन एका ताटात जेवायचे, ते दिवस. आता ताट समोर आलं की दाराकडं बघायचे. "माणक्या येऊ द्या. शाळंतून आला न्हाई अजून." माणिक समोर बसलेला असायचा. "तात्या, मी माणिकच हाय की." तात्या त्याच्याकडं बघायचे, मिशीकडं बघायचे आणि मान फिरवायचे. "तुमी कोन हो पाव्हनं? मपलं पोरगं एवढं व्हय?" आणि हातानं कमरेइतकी उंची दाखवायचे.

शोभानं भरवलं, शेजारणींनी भरवलं. तोंड घट्ट मिटून घ्यायचे. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. दाढी करताना मला रोज कळायचं, गालाची हाडं माझ्या बोटांना लागायची. बीडच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी घातली की ते ती ओढून काढणार, म्हणजे हात बांधावे लागतील. माणिकचा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणत होता, इकडं एका संस्थेत ठेवू, तिथं नर्सबाया असतात, तुम्ही तरी किती करणार. तो काही वाईट बोलत नव्हता. पण ज्याला स्वतःच्या घरात पोरगा सापडत नाही त्याला पुण्यात काय सापडणार, असं माणिकला वाटायचं. मला तो एकदा म्हणाला, "नाना, हात बांधलेला तात्या मला बघवायचा न्हाई. ज्या हातानं कापड फाडलं ते हात हाईत ते."

एका दुपारी मी तात्यांची दाढी उरकून सामान आवरत होतो. रस्त्याचं काम चालू होतं, गावभर धुरळा. माणिक जेवायला घरी आला तो नाकातोंडाला दस्ती बांधूनच. दस्ती म्हणजे रुमाल, आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात. तो दारात आला आणि तात्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आला का बे माणक्या? लई येळ केला. चल, ताट वाढा रं!"

माणिक जागच्या जागी थिजला. दस्ती सोडायला वर गेलेला त्याचा हात मी धरला. "सोडू नको," म्हणालो. "बस तसाच." तो बसला. शोभानं ताट आणलं. माणिकनं भाकरी कुस्करून घास पुढं केला आणि तात्यांनी तोंड उघडलं. अर्धी भाकरी खाल्ली, वर दूध प्याले. शोभा चुलीकडं तोंड करून रडत होती. मी टॉवेलची घडी घालायचं नाटक करत राहिलो.

मग ते नेहमीचंच झालं. बाप जेवायला बसला की लेक दरोडेखोरासारखा तोंड बांधून भरवायला बसायचा. त्यात खोट एकच. एका ताटात जेवायची सवय म्हणून तात्या म्हणायचे, "तू पन खा की." माणिक दस्तीखालून घास सरकवायचा आणि दस्ती कालवणानं पिवळी व्हायची. शोभा म्हणायची, "तुमच्या दस्त्या धुऊ धुऊ मपले हात गेले."

ते काही फार दिवस चाललं नाही. एकदा तात्यांनीच लाडानं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि दस्ती खाली घसरली. समोर एवढी मोठी मिशी. तात्या किंचाळले. ताट भिरकावलं. "चोर! चोर हाय हा! ह्यानं मपल्या माणक्याचे डोळे लावलेत!" त्यानंतर दस्ती बांधलेला माणूस दिसला तरी ते भिंतीकडं तोंड करायचे. पाणीसुद्धा घेईनात.

दोन दिवसांनी माणिक आमच्या दुकानात आला. दुपारची वेळ, पुतण्या जेवायला गेलेला. खुर्चीत बसला आणि आरशात स्वतःकडं बराच वेळ बघत राहिला.

"नाना, मिशी काढा."

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाप गेल्यावर लेकानं डोकं आणि मिशी उतरवायची. म्हणून बाप जिवंत असताना मिशीला हात लावायचा नाही. आताची पोरं पिक्चर बघून गुळगुळीत फिरतात, त्यांना कुणी विचारत नाही. पण माणिकच्या वयाचा, आयुष्यभर मिशी ठेवलेला माणूस एक दिवस तशा तोंडानं स्टँडवर दिसला, तर त्याचा अर्थ आमच्या मुलुखात एकच. आणि ती काढणाऱ्या न्हाव्यानं मरणाला आवतण दिलं, असं बोलणारे बोलतात.

"येडा झालास का बे?" मी म्हणालो. "तात्या जिते हाईत."

"म्हनूनच काढायची."

"मी न्हाई काढत. बीडला जा, कुनी बी काढून देईल."

"तुमीच काढायची. त्या वयात मी कसा दिसायचो ते तुमाला ठावं हाय."

मी बाहेर बघत उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. समजा उद्याच तात्यांना काही झालं, तर? माणिक मागून हळू आवाजात म्हणाला, "नाना, ते गेल्यावर द्यायचीच हाय की. तवा त्यांच्या काय कामाची? आज दिली तर दोन घास तरी पोटात जातील."

मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि वस्तऱ्याला नवं पातं लावलं. कात्रीनं आधी जाड केस काढले, मग साबण, मग पातं. वरचा ओठ उघडा पडला तो कोवळा, पांढराफटक, इतकी वर्षं ऊन न लागलेला. आरशात शाळेतला माणक्या बसला होता, फक्त डोक्यावरचे केस पिकलेले. तेवढ्यासाठी मी त्याला एक टोपी घालायला दिली.

आम्ही दोघं घरी गेलो. पाच मिनिटांचा रस्ता. त्या पाच मिनिटांत काय झालं ते आम्हाला नंतर कळलं, आधी घरात काय झालं ते सांगतो. माणिक दारात उभा राहिला. तात्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. बघत राहिले. मग हात पुढं केला.

"कावून उभा राह्यलास? मास्तरनं मारलं का?"

माणिक त्यांच्या मांडीशी जाऊन बसला आणि पन्नाशीचा तो माणूस हुंदके देऊन रडला. तात्या त्याच्या टोपीवरून हात फिरवत होते. "गप. उद्या येतो मी शाळंत. बघतो त्या मास्तरला." मग दोघं एका ताटात जेवायला बसले.

आता त्या पाच मिनिटांचं. मिशी नसलेला माणिक, उतरलेला चेहरा, डोक्यावर टोपी, आणि सोबत पिशवी घेतलेला न्हावी. यापेक्षा स्टँडला आणखी काय सांगायला पाहिजे होतं? हॉटेलवाल्यानं चहाचा स्टोव्ह बंद केला. शेजारच्या दुकानांची शटरं खाली आली. कुणीतरी मोबाईलवर तात्यांचा जुना फोटो, त्याला हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, असं करून पाठवूनही दिलं. तात्या भाकरी खात असताना ते सगळ्या तालुक्यात वारले होते.

पहिल्यांदा शेजारच्या बाया आल्या, पदर डोळ्याला लावून. दारातून आत बघतात तर मयत भाकरीवर ठेचा मागतंय. एक बाई मटकन खालीच बसली. मागून माणसं आली, डोक्याला टॉवेल गुंडाळून. अंगण भरलं. तात्यांनी एवढी पडेल चेहऱ्याची माणसं बघितली आणि त्यांचाही चेहरा पडला. जुन्या वळणाचा माणूस, दुखवट्याला कसं बोलायचं ते पक्कं ठाऊक. हात धुऊन बाहेर ओट्यावर आले.

"कोन गेलं म्हनायचं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी एक जण चाचरत म्हणाला, "एक... एक म्हातारा मानूस व्हता, तात्या."

"चांगला व्हता का?"

"लई चांगला."

तात्यांनी मान हलवली. "असायचाच. चांगलीच जात्यात. रडू नका. पोराबाळांचं झालंय ना समदं? मंग सुटला म्हना." आणि ज्या बाईला सगळ्यात जास्त हुंदके येत होते तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नसावं.

एवढ्यात रशीदचाचा आले. धाप लागलेली, हातात झेंडूचा जाड हार. जिवंत तात्या दिसले तसा त्यांनी हार पाठीमागं लपवला. पण तात्यांनी बघितला होता. "हार कुनाला रं, रशीद?" चाचांनी क्षणभर विचार केला, पुढं झाले आणि तात्यांच्या गळ्यात हार घातला. "तुमालाच की."

"कावून? निवडून आलो का बे मी?"

"बिनविरोध," चाचा म्हणाले.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. अंगणातली माणसं पोट धरून हसली. हे पिक्चरमधे दाखवलं तर लोक म्हणतील, काहीही दाखवतात.

ते हसू विरेपर्यंत नांदूरघाटहून जीप आली आणि कोपऱ्यापासून आवाज ऐकू आला, "मपल्या दादा रं..." तात्यांची धाकटी बहीण, गोदाआत्या. छाती बडवत दारात आली आणि हार घातलेला भाऊ ओट्यावर बसलेला बघून खांबाला धरून उभी राहिली. "गोदे, कावून रडायलीस?" तात्यांनी विचारलं. बहिणीला त्यांनी ओळखलं, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आत्याचं लक्ष मग माणिककडं गेलं, त्याच्या ओठाकडं गेलं. "कुनी काढली ही?"

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं.

"जित्या बापाची मिशी काढतोस व्हय रं?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मपल्या भावाचं मरन बोलावतोस? तुझा हात झडंल, मेल्या!" माणिक मधे पडला, शोभा मधे पडली. आत्याचं सगळं रडणं खोटं ठरलं होतं, ते कुठंतरी निघायला पाहिजे होतं. पण ते शब्द मला लागले. कितीतरी दिवस तात्यांच्या घराकडून कुणी घाईघाईनं येताना दिसलं की मी बाकावरून उठून उभा राहायचो.

आत्या तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तात्या आणि माणिक एका ताटात जेवत होते आणि ती उंबऱ्यावर बसून बघत होती. माझ्याशी बोलली नाही. भाऊ जेवून उठेपर्यंत ती तिथून हलली नाही, एवढं मी बघितलं.

तात्या त्यानंतर आणखी बरंच जगले. गालावर मांस आलं. नळीचा विषय निघाला नाही, पुण्याचाही नाही. धाकटा भाऊ आला, बघून गेला, जाताना मला नमस्कार करून गेला. माझं काम मात्र दुप्पट झालं. मिशी एक दिवस काढून भागत नाही, दुसऱ्या दिवशी ओठावर काळं दिसायला लागतं. मी सकाळी जायचो, बापाची दाढी करायचो आणि लेकाचा ओठ. दोघं शेजारी शेजारी बसायचे. तात्या म्हणायचे, "पोरगं एवढंसं, त्याची कसली दाढी?" मी म्हणायचो, "शिकवतोय त्याला." यावर ते खूश असायचे.

माणिकनं मात्र लई सोसलं. बाजारच्या दिवशी बाहेरगावचं गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्याचे दोन्ही हात धरायचं, "कवा गेले हो तात्या?" तो म्हणायचा, "घरीच हाईत, जेवायलेत." शेवटी कंटाळून त्यानं दुकानात पाटी लावली, "तात्या बरे आहेत." लोकांनी त्याचीही चेष्टा केली. ज्याची मिशी गावात एक नंबर, त्याला हे सोपं गेलं नसणार. तो कधी बोलला नाही. एकदाच दाढी झाल्यावर ओठावरून बोट फिरवत म्हणाला, "गार लागतं हो इथं, नाना."

नंतर भूल आणखी वाढली. तात्या शाळकरी माणिकलाही विसरले. त्याला कधी दादा म्हणायचे, कधी मास्तर, कधी नुसतेच बघायचे. पण आता घास घ्यायचे, कुणीही दिला तरी घ्यायचे. मी एके दिवशी ब्रश खाली ठेवला आणि म्हणालो, "माणिक, आता वाढव मिशी. आता काय फरक पडतोय त्यांना?"

तो तात्यांच्या अंगावरची शाल सारखी करत होता. म्हणाला, "नको. मधीच एकांद्या दिवशी आठवलं तर? त्या दिवशी मी दिसाया पायजे."

मी पुन्हा ब्रश उचलला.

तात्या एका सकाळी गेले, झोपेतच. या वेळी स्टँडवर कुणाला खरं वाटेना. हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बंद करायच्या आधी घरी माणूस पाठवून खात्री केली. रशीदचाचा पुन्हा झेंडूचा हार घेऊन आले. या खेपेला त्यांनी तो लपवला नाही.

सुतकात केसाला, दाढीला हात लावत नाहीत. त्यामुळं दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी माणिक माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या ओठावर मिशी आलेली होती. दहा दिवसांची, आखूड. जुनी मिशी काळीभोर होती. ही बरीचशी पांढरी. धाकट्या भावाचं डोकं आणि मिशी माझ्या पुतण्यानं उतरवली. माणिकचं डोकं मी केलं. दाढीही केली. आणि मिशीपाशी माझा हात थांबला.

भावकीतले एक जाणते म्हणाले, "नाना, मिशी राह्यली की. घ्या उरकून, उन्हं वर आली."

मी वस्तरा धरून तसाच बसलो. रीत मला ठाऊक होती. त्यांच्या बापजाद्यांच्या मिश्या माझ्या बापजाद्यांनी उतरवलेल्या. माणिक डोळे मिटून बसला होता. मला काढवेना आणि ठेवायचं म्हणायला मी कोण?

बायका वरच्या अंगाला बसल्या होत्या. तिथून गोदाआत्या उठली. काठी टेकत खाली आली आणि मला वाटलं, आता हिचे राहिलेले शिव्याशाप. तिनं माझ्या हातातून वस्तरा घेतला, मिटला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"राहू द्या ती," भावकीकडं बघत ती म्हणाली. "ह्याची मिशी ह्याच्या बापाला जितेपनीच पोचली. दोनदा कावून द्यायची?"

जाणत्यांनी फक्त घसा साफ केला. आत्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "पानी पी, नाना. हात कापायलाय तुझा."

पुढच्या बाजाराला माणिकनं दुकान उघडलं. डोक्यावर टोपी, नाकाखाली ती आखूड पांढुरकी मिशी. मी पुतण्याच्या दुकानाबाहेर बाकावर होतो, दोन दुकानांत अंतर ते किती. नांदूरघाटच्या गाडीतून एक म्हातारा उतरला, तात्यांचं जुनं गिऱ्हाईक. मागं कधीतरी त्यानं माणिकला बिनमिशीचा बघितला असणार आणि घाबरून विचारलंही असणार. या खेपेला तो दुकानासमोर थांबला, माणिकच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि मोकळं हसला.

"मिशी ठिवली व्हय पुन्हा? लई बरं वाटलं बघ. म्हंजी तात्या बरे हाईत."

मी उठायला लागलो, सांगायला. माणिकनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. मग ओठावरून बोट फिरवत म्हाताऱ्याला म्हणाला,

"हाव. बरे हाईत."